जिवंत पाणी

आमच्या विहिरीच्या पाण्यात माणसाच्या विष्ठेतले जंतू सापडले. आणि लगेच सांगून टाकतो, ते सापडले नाहीत. आमच्या घरात तसं ठरलं आहे आणि मी घरातच जेवतो. त्यामुळे वहिनी घर सोडून गेली असंही काही झालं नाही. ती माहेरी राहायला गेली आहे. बरीच वर्षं झाली, अजून राहतेच आहे.

तर ही न झालेली गोष्ट एका सकाळी झाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पडवीत बसून चहाच्या बशीत फुंकर घालत होते. वहिनी आतून आली. कडेवर कुहू, दुसऱ्या हातात अंगठ्याएवढी बाटली. ती बाटली तिनं अण्णांच्या बशीशेजारी ठेवली. आतलं पाणी काळं होतं. गढूळ नाही, काळं. दौतीतल्या शाईसारखं.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"आपल्या विहिरीचं पाणी."

"आपल्या विहिरीचं पाणी काळं हाय?"

"भरलं तेव्हा नुसतं पिवळसर होतं. बाटलीत औषध असतं, अण्णा. पाण्यात घाण असली तर एकदोन दिवसांत काळं पडतं. आरोग्यकेंद्राच्या आशाताईंनी दिली बाटली."

अण्णांनी बाटली उजेडात धरली, हलवली, झाकणाचा वास घेतला आणि निदान केलं.

"बाटली खराब हाय."

कुहू दादाची मुलगी. आठ महिन्यांची. पेज भरवायला लागल्यापासून तिचं पोट वाहत होतं. थोडं थांबायचं, पुन्हा सुरू. कडेवर घेतली तर नुसतं झबलं उचलल्यासारखं वाटायचं. राजापूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सलाईन लावताना विचारलं, "पाणी कुठलं पिता?" तेव्हा आईनं सांगितलं, "देवीला जातं तेच." डॉक्टरांनी यावर काही लिहून घेतलं नाही.

आईचं खरं होतं. आमची विहीर मानाची विहीर आहे. गावदेवीच्या अभिषेकाला पाणी जातं ते आमच्याच विहिरीचं, आणि पालखी निघायच्या आधी देवीचे पाय धुतात तेही तिच्याच पाण्यानं. हा मान आमच्याकडून कधी गेलाच, तर तो जाणार खालच्या वाडीत, अण्णांच्या चुलतभावाकडे. त्यांच्याशी अण्णा एका आंब्याच्या फांदीवरून बोलत नाहीत. ती फांदी केव्हाच पडली, जळणात गेली. अबोला मात्र अजून हिरवा आहे.

त्याच साली अण्णांनी घराच्या वरच्या अंगाला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. खोल्यांना संडास, संडासाला खड्डा, खड्ड्याखाली जांभा. जांभ्यातून पाणी झिरपतं हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही, झिरपतं म्हणूनच विहिरींना पाणी लागतं. आणि खड्ड्याच्या खाली, सरळ उतारावर, मानाची विहीर. खड्डा मारताना दादानं विचारलं होतं, "अण्णा, हितं चालेल?" अण्णा म्हणाले होते, "घरात वास येत नाय ना? मग झालं."

रस्त्यावर फळी लागली. 'घरगुती जेवण. शांत परिसर. जिवंत झऱ्याचे गोड पाणी.' अक्षर माझं होतं. झऱ्यातला अर्धा र दोनदा चुकला होता.

बाटली खराब आहे असं ठरल्यावर वहिनी आशाताईंकडून दुसरी घेऊन आली.

"ही तुम्ही भरा, अण्णा. तुमच्या हातानं."

अण्णांनी आंघोळ केली, सोवळं नेसले आणि बाटली भरली. मग ती देवघरात, समईच्या बाजूला ठेवली, म्हणजे तिला काही वाईट बुद्धी व्हायला नको. दुसऱ्या दिवशी ती पहिलीपेक्षा काळी होती.

"काजळी," अण्णा म्हणाले. "समईची काजळी धरलीन."

"झाकण लावलेलं आहे, अण्णा."

"काजळी काय झाकणाला विचारून जाते?"

मी म्हणालो, "अण्णा, मग समई रोज त्या देव्यांच्या तोंडासमोर असते. देवी अजून गोऱ्या कशा?"

"तू गप. तुला कोणी विचारलंन?"

मला कोणीच विचारलं नव्हतं. मी त्या वर्षी कॉलेज अर्धवट टाकून घरी आलो होतो आणि माझ्याकडे फक्त पंप चालू करायचं खातं होतं.

तिसरी बाटली वहिनीनं वेगळ्या पाण्यानं भरली. तिचं माहेर लांज्याला, तिथं नळ. तिच्या भावानं येताना नळाचं पाणी आणलं आणि तिनं ते सगळ्यांसमोर बाटलीत ओतलं. ती बाटली खिडकीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही पिवळसर, तिसऱ्या दिवशीही पिवळसर. वहिनीनं काळी आणि पिवळी, दोन्ही बाटल्या अण्णांसमोर ठेवल्या. मला वाटलं, आता अण्णा अडकले.

अण्णांनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला भीती वाटली.

"नळाचं पाणी मेलेलं असतं," ते म्हणाले. "पावडर टाकून मारतात ते. मेलेल्यात काय काळं होणार, आणि काय गोरं होणार? आपला झरा जिवंत हाय. जिवंत पाण्यात जीव असणारच. त्या तुझ्या बाटलीनं तेच दाखवलंन. आपलं पाणी जिवंत हाय."

बाटलीनं खरोखर तेवढंच दाखवलं होतं. पाण्यात जीव होते. अण्णांनी जंतूंची बाजू इतकी नीट मांडली की जंतूंना वकील लागला नसता.

त्या दिवसापासून वहिनी पाणी उकळायला लागली. कुहूचं पाणी, पेजेचं पाणी, वाटी धुवायचंसुद्धा. चुलीवर एक टोप सतत खदखदायचा. आई सुरुवातीला म्हणाली, "उकळू दे बिचारीला, समाधान वाटतंय तिला." पण अण्णांना तो टोप दिसला की त्यांचा श्वास फुगायचा. पाणी उकळणं म्हणजे पाणी मारणं, आणि आमच्या घरात, आमच्याच चुलीवर, मानाच्या विहिरीचं पाणी दिवसातून कितीदा तरी मारलं जात होतं.

कुहूचं पोट मात्र थांबलं. ती मूठ तोंडात घालायला लागली, माझा चष्मा ओढायला लागली. एकदा दादानं तिला उचललं आणि म्हणाला, "जड झाली गं." एवढंच म्हणाला. पण वहिनी चुलीपाशी होती, तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो पुढं म्हणाला, "तुझं खरं हाय. खड्डा वर नको होता मारायला." हे तो मागच्या दारी म्हणाला, हळू आवाजात, आणि ऐकायला वहिनी, मी आणि कुहू. कुहूला तेव्हा बोलता येत नव्हतं.

"हे अण्णांना सांगा ना," वहिनी म्हणाली.

"सांगेन की."

"कधी?"

"बघून सांगेन."

दादा वाईट माणूस नाही. त्याला फक्त बोलायच्या आधी सगळीकडे बघायची सवय आहे आणि आमच्याकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे.

मग कोल्हापूरचे पाहुणे आले. नवरा-बायको आणि एक पोरगा. पोरानं विहिरीचा रहाट हलवून पाहिला आणि पाणी मागितलं. वहिनीनं त्याला घरातून तांब्या आणून दिला आणि म्हणाली, "हे उकळलेलं आहे. विहिरीचं कच्चं पिऊ नकोस, बाळा."

पाहुणी बाई शहाणी होती. तिनं विचारलं, "का हो?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. हा तिच्यातला एकच दोष, पण आमच्या घरात तो मोठा समजला जातो.

पाहुणे संध्याकाळच्या आत दुसरीकडे गेले. जाताना त्यांनी खोली कुठं मिळेल हे खालच्या वाडीत विचारलं, आणि का सोडली हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णांचे चुलतभाऊ देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवीला काय घालतायत ते देवीलाच ठाऊक."

अण्णांनी त्याच दिवशी कौल लावायचं ठरवलं.

कौल म्हणजे आमच्याकडचं सर्वोच्च न्यायालय. देवीच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या आणि गुरवानं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. मग थांबायचं. पाणी सुकतं, पाकळी सुटते. आधी उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. लोक यावर जमिनी सोडून देतात, सोयरिकी मोडतात. अपील नाही.

आम्ही सगळे देवळात गेलो. वहिनीला आणलं होतं कारण तीच आरोपी होती, की फिर्यादी, हे नीट ठरलं नव्हतं. खालच्या वाडीची भावकी एका खांबाला, आम्ही दुसऱ्या खांबाला. बाळा गुरव पंचा सावरून उभा राहिला आणि म्हणाला, "कळशी."

मी कळशी पुढं केली. त्यानं त्या पाण्यात बोटं बुडवली, पाकळ्या भिजवल्या, पाषाणाला लावल्या.

मी शेजारी उभ्या असलेल्या दादाला म्हणालो, "पाणी कुठलं हाय?"

"कुठलं म्हणजे? आपलं."

"म्हणजे विहिरीचा निवाडा विहिरीच्या पाण्यानंच चिकटवलाय?"

"गप रे."

"बाटलीचं पाणी डाव्या पाकळीला लावायला हवं होतं. बरोबरी झाली असती."

वहिनीनं ऐकलं. ती हसली नाही, पण तिच्या ओठाचा एक कोपरा थोडा हलला. देवळातलं तिचं हसणं तेवढंच.

बाळा गुरवानं आवाज लावला. "बा देवी माते, आज जी काय तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत, त्यांच्यात काय तो संशय आला हाय, पाण्याचा, तर तो तू निवारण कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"विहीर खरी असेल तर उजवा दे. बाटली खरी असेल तर डावा दे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

देवीसमोर बाटलीचं नाव निघण्याची ही पहिली वेळ असावी. खरं सांगायचं तर त्या बाटलीसाठी मला जरा अभिमान वाटला.

पाकळ्या पडेनात. दमट दिवस होता. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर जात राहिले. एक म्हातारा खाली बसला, मग आडवा झाला. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "उकडतंय हो," आणि पंखा लावला. पंखा उजव्या भिंतीवर होता.

उजवी पाकळी पडली.

अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. खालच्या वाडीच्या खांबाजवळ कोणी खोकलं. विहीर खरी ठरली. पण बाळा गुरव हुशार माणूस, त्याला ठाऊक होतं की प्रश्न अजून उभा आहे आणि तो वहिनीच्या कडेवर बसलेला आहे.

"मग पोरीला काय झालंय?" त्यानं स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "आसरा लागल्या हायत."

आसरा म्हणजे पाण्यातल्या बायका. विहिरीत राहतात, तान्ह्या मुलांवर त्यांचा डोळा असतो, असं मानतात. म्हणजे पहा. पोरगी विहिरीमुळेच आजारी आहे, यावर आता गुरव, अण्णा, डॉक्टर आणि वहिनी, सगळ्यांचं एकमत झालं होतं. इतकं एकमत आमच्या वाडीत रस्त्याच्या कामावर कधी झालं नाही. फक्त उपाय राहिला होता.

"पाच मंगळवार," बाळा गुरव म्हणाला. "विहिरीवर पूजा करायची, आणि त्याच पाण्याचं तीर्थ पोरीच्या मुखात घालायचं. पहिलं आत्ताच घाला, देवीसमोर."

आई कळशीकडं वळली. वहिनी एक पाऊल मागं सरकली.

"मी घालते," ती म्हणाली. "पाचही मंगळवार घालते. उकळून घालते."

थोडा वेळ कोणाला कळलंच नाही. मग बाळा गुरव म्हणाला, "उकळलेलं तीर्थ?" आणि देवळात हशा पिकला. खालची वाडी हसली, वरची वाडी हसली. झोपलेला म्हातारा उठून कशाला हसायचं ते न विचारता हसला.

"प्रणाली," अण्णा म्हणाले. ते तिला नावानं क्वचितच हाक मारायचे. "चमचाभर पाण्यानं काय मरत नाय कोण."

"चमचाभर पाण्यानं तिला दोनदा सलाईन लागलंय, अण्णा."

"देवीनं कौल दिलाय."

"देवीवर माझा राग नाही. देवी पीत नाही ते पाणी. तिच्या अंगावरून जातं."

कोणीतरी "तोंड बघा" म्हणालं. वहिनी त्या बाजूला वळलीच नाही. ती दादाकडे वळली. सगळं देऊळ दादाकडे वळलं.

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "मागच्या दारी बोललात ते इथं बोला. पाणी खराब आहे. एवढंच. तीन शब्द आहेत. मग मी कोणाशी भांडणार नाही."

दादानं अण्णांकडे पाहिलं. मग आईकडे, गुरवाकडे, खालच्या वाडीच्या खांबाकडे. कुहूनं त्याला पाहून हात पुढं केले, कारण तिला वाटलं तो तिला घेणार आहे.

"पाणी," दादा म्हणाला.

सगळे थांबले. माझ्या हातातली कळशी मला एकदम जाणवली, तिचा गारवा. वहिनीच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी दुसरीकडे पाहिलं.

"पाणी संपत आलंय कळशीतलं," दादा म्हणाला. "घेऊन येतो."

आणि माझ्या हातातली कळशी घेऊन तो गेला. कळशी भरलेली होती. दारातून जाताना हिंदकळून पायरीवर सांडली.

वहिनी त्याच दुपारी निघाली. तिला एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो, गाडीवर, मध्ये पिशवी, मागं ती, तिच्या पदरात कुहू. स्टँडवर मी म्हणालो, "वहिनी, थांब जरा. दादा येईल."

"कळशी भरून?"

हा विनोद माझा असायला हवा होता. तिनं तो माझ्यापेक्षा गंभीर चेहऱ्यानं केला.

"भावजी, मी रागानं जात नाहीये," ती म्हणाली. "हिला तिथं ठेवलं तर आई घालणारच तो चमचा. मी आंघोळीला गेले की घालतील. प्रेमानं घालतील. मी किती आंघोळी चुकवणार?"

"मग परत कधी येशील?"

"त्यांनी बोलावं. चार माणसांत. मग येते त्याच गाडीनं. उकळून पीन आयुष्यभर, खड्डा हलवा म्हणणार नाही. पण तोंडानं बोलावं. नाहीतर पुढच्या वेळी काही झालं तर त्या वेळीही ते कळशी घेऊन जातील."

गाडी आली. मी पिशवी वर दिली.

लांज्याला कुहू सुधारली. दोन महिन्यांत रांगायची सोडून धरून चालायलाच लागली, असं वहिनीच्या भावानं फोनवर सांगितलं. ही बातमी ऐकून अण्णांना मनापासून आनंद झाला. "बघ," ते आईला म्हणाले, "कौल लागू पडला. आसरांनी सोडलंन." एक थेंबही तीर्थ न घेता ती बरी झाली, हे मी सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, म्हणूनच देवी मोठी.

देवीचे उपकार फेडायला अण्णांनी विहिरीवर पूजा घातली. सगळ्या वाडीला बुंदीचं जेवण, आधी प्रत्येकाच्या हातावर तीर्थ, जिवंत, न उकळलेलं. खालच्या वाडीलाही आमंत्रण होतं. विजय दाखवायला कोणीतरी लागतंच. मी तीर्थ डोक्याला लावलं आणि बाकीचं शर्टाला पुसलं.

पुढल्या दोन दिवसांत अर्धी वाडी सरकारी दवाखान्यात होती. खाटा पुरल्या नाहीत, माणसं जमिनीवर, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना. अण्णा आणि त्यांचे चुलतभाऊ शेजारी शेजारी आले. फांदीनंतर पहिल्यांदाच ते एकमेकांशी बोलले.

"बुंदी," अण्णा क्षीण आवाजात म्हणाले.

"व्हय," चुलतभाऊ म्हणाले. "बाजारची बुंदी. तेल जुनं होतं."

पलीकडच्या खाटेवर दादा. त्याच्यापाशी नर्स आली आणि विचारलं, "पाणी कुठलं प्यायलात?" मी पायथ्याशी उभा होतो. चार काय, चाळीस माणसं होती त्या खोलीत. दादानं छताकडे पाहिलं, मग अण्णांच्या खाटेकडे.

"बुंदी खाल्ली," दादा म्हणाला.

मान आमच्याकडेच राहिला. बुंदीवाल्याचं दुकान बसलं.

आता आमच्याकडे दर आठवड्याला टेम्पोतून पाण्याचे निळे जार येतात. ते घराच्या मागल्या बाजूनं उतरवतात, त्यावरची चिठ्ठी ओरबाडतात आणि आई ते पाणी तांब्याच्या हंड्यात ओतते. अण्णा त्यातलं फुलपात्रं भरून घेतात, एक घोट पितात आणि पाहुण्यांसमोर म्हणतात, "आमच्या विहिरीची चवच वेगळी." आमच्या घरात विहिरीचं पाणी कोणी पीत नाही. याबद्दल कधी कोणी काही बोललेलं नाही. पाहुणे पितात. देवीच्या अंगावरून जातं.

कुहू दुसरीत आहे. दादा दिवाळीला लांज्याला जातो, कपडे देतो, ओट्यावर बसतो. वहिनी त्याला पाणी देते, तो पितो. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. कुहूनं विचारलं, "बाबा, तुमच्याकडे विहीर आहे ना? मला दाखवाल?" दादानं तांब्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता. वहिनीलाही वाटलं असावं, कारण ती दारातच थांबली.

"लांब आहे गं," दादा म्हणाला.

परत आल्यावर मी खालील अर्ज लिहिला आणि अण्णांच्या उशाशी ठेवला.

प्रति,
मा. मानकरी, मानाची विहीर, वरची वाडी.

विषय: एक वाक्य मोठ्याने उच्चारण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सादर करतो की, आपले थोरले चिरंजीव यांना 'पाणी खराब होतं' हे वाक्य चार माणसांसमक्ष एकदा बोलू देण्यात यावे. आपल्या सोयीसाठी वाक्य भूतकाळात ठेवले आहे. विहिरीचे नाव घेतले जाणार नाही. वाक्य बोलून झाल्यावर मान आपल्याकडेच राहील, याबाबत खालच्या वाडीची लेखी हमी घेण्यास अर्जदार तयार आहे. चार माणसे आपल्या पसंतीची चालतील. ती बहिरी असल्यासही हरकत नाही, मात्र त्यांत एक सात वर्षांची मुलगी असावी आणि तिला ऐकू यावे.

तरी सदर परवानगी आपल्या हयातीत मिळावी, ही नम्र विनंती.